मायाळू परंतु भरंवशाचा नव्हे असा बाप

पोटच्या मुलांवर फार माया करणारा, परंतु ज्याच्या भरंवशावर घर चालत नाहीं, असा बाप आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. अशा बापाशीं मुलानें कसें वागावें, हें सांगणें सोपें नाहीं. म्हणून इंग्लंडांतील प्रख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ह्याचें व त्याच्या बापाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत वाचकांपुढें मांडतों.

चार्ल्स ह्याचा जन्म ता. ७ फेब्रुवारी १८१२ रोजीं पोर्टस्मथ येथें झाला. त्याचा बाप जॉन डिकन्स हा आरमाराच्या पगार-कचेरींत कारकून होता व त्याची मिळकत वाईट नव्हती. तो आनंदी, गोड बोलणारा, नोकरींत उद्योगी व मुलांविषयीं फार मायाळू असे. मूल आजारी पडलें म्हणजे तो रात्रंदिवस उशाशीं बसून त्याची शुश्रूषा करी. पुढें चॅथम गांवीं राहत असतां बापलेक फिरावयास जात, तेव्हां वाटेंत गॅड्स हिल नांवाच्या टेकडीवर एक मोठें घर लागे. मन लावून कष्ट केलेस तर एखादे दिवशीं तूं ह्या घरांत राहशील, असें बाप त्यास सांगे.

परंतु ह्या बापाच्या हातीं पैसा टिकत नसे. मिळकतीपेक्षां खर्च मोठा, आणि उद्यां कांहींतरी मार्ग निघेल ह्या आशेवर आजचें कर्ज वाढत जाई. १८२२ सालीं कुटुंब लंडनास आलें, तेव्हां घेणेकरी दारीं येऊन बसूं लागले. घरांतील वस्तु एकेक करून गहाण पडल्या. ज्या पुस्तकांवर चार्ल्स वाढला, तींही विकलीं गेलीं. मुलाची शाळा सुटली व बारा वर्षांचा होतांच त्यास जोड्यांना लावावयाचें काळें रोगण करण्याच्या कारखान्यांत धाडण्यांत आलें. नदीकांठच्या त्या मोडक्या, उंदरांनीं भरलेल्या इमारतींत तो दिवसभर रोगणाच्या भांड्यांचीं तोंडें कागदानें बांधी व त्यांवर चिठ्ठ्या चिकटवी. मजुरी आठवड्यास सहा शिलिंगांच्या सुमारास होती.

तितक्यांत, ता. २० फेब्रुवारी १८२४ रोजीं, ४० पौंड १० शिलिंगांच्या कर्जापायीं एका पाववाल्यानें बापास धरविलें, व मार्शलसी नांवाच्या तुरुंगांत त्याची रवानगी झाली. त्या काळीं तेथें कर्जदाराचें कुटुंबही राहूं शके. म्हणून आई व धाकटीं मुलें आंत राहावयास गेलीं, आणि चार्ल्स बाहेर परक्यांच्या घरीं एकटा राहिला. सुमारें तीन महिन्यांनीं नादारीच्या कायद्यानें बाप सुटला. तरी मुलाचें काम कांहीं सुटलें नाहीं! पुढें कारखानदाराशीं तंटा होऊन बापानेंच त्यास तेथून काढिलें. त्यास परत धाडावें असें आईच्या मनांत होतें. परंतु बापानें तें ऐकिलें नाहीं व त्यास पुन्हां शाळेंत घातलें. ज्याच्या दोषानें मूल त्या कारखान्यांत पडलें, त्याच्याच हातून तें बाहेर आलें. तथापि ती शाळाही १८२७ सालीं बापाच्या पैशाच्या अडचणीमुळें सुटली, व पंधरा वर्षांचा चार्ल्स एका वकिलाकडे कारकून झाला.

१८३६ सालीं आपल्या पिकविक नांवाच्या कथेमुळें चार्ल्स प्रसिद्धीस आला. तेव्हां बाप मुलाच्या नांवावर उसनवारी करूं लागला; मुलाच्या प्रकाशकांसही पत्रें लिहून पैसे मागूं लागला. मुलानें १८३९ सालीं एक्झीटर शहराजवळ घर घेऊन आईबापांस तेथें ठेविलें. तरी मागणें थांबेना. शेवटीं १८४१ सालीं त्यास वर्तमानपत्रांत जाहीर करावें लागलें कीं, आपल्या नांवावर इतरांनीं केलेलें कर्ज आपण फेडणार नाहीं. हें करितांना मुलास किती लाज वाटली असेल, ह्याचा वाचकांनींच विचार करावा. परंतु त्यानें बापास टाकिलें नाहीं. १८४६ सालीं त्यानें दैनिक पत्र काढिलें, तेव्हां बातमीदारांवर देखरेख करण्याचें काम बापासच दिलें, व तें त्यानें चांगलें केलें.

१८४९ व १८५० ह्या सालीं प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड कॉपरफील्ड ह्या कादंबरींत मिकॉबर नांवाचा कर्जबाजारी गृहस्थ आहे. तो बापावरूनच घेतला आहे. त्याचे दोष त्यांत झांकले नाहींत, परंतु वाचणाऱ्यास त्याचा राग न येतां त्याच्यावर लोभ जडतो. ता. ३१ मार्च १८५१ रोजीं बाप वारला, तेव्हां चार्ल्स त्याच्याजवळ होता. १८५६ सालीं त्यानें गॅड्स हिलवरील तेंच घर विकत घेतलें, आणि १८७० सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. कारखान्यांतील दुःख मात्र त्यानें आपल्या मुलांसही सांगितलें नव्हतें. फॉर्स्टर नांवाच्या मित्रानें त्याच्या मागें चरित्र लिहिलें, तेव्हां तें जगास कळलें.

ह्या बापाची माया खोटी नव्हती, आणि त्या मायेनें मुलाचें पोट भरलें नाहीं, हेंही खोटें नव्हतें. मुलानें ह्या दोन्ही गोष्टी ओळखिल्या. त्यानें पैशाच्या कामीं बापापुढें कुंपण घातलें, परंतु आपलें दार त्यास बंद केलें नाहीं. ज्यांस असा बाप आहे, त्यांनीं ह्यांतून धीर घ्यावा. आणि जे स्वतः बाप आहेत, त्यांनीं नवें कर्ज काढण्यापूर्वीं, रोगणाच्या भांड्यांवर चिठ्ठ्या चिकटविणारा तो बारा वर्षांचा मुलगा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा.