पिठाचे वजन आणि अक्षरांचे खिळे

पीठ, साखर, तांदूळ असा किराणा तागडीला हात न लावता आपोआप मोजून मिळावा, असे यंत्र कोण तयार करील? लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यासाठी स्पर्धा जाहीर केली. तीत ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून पहिला आला तो मुंबईचा एक मराठी तरुण, शंकर आबाजी भिसे. पुढे ‘भारतीय एडिसन’ म्हणून गौरविल्या गेलेल्या भिसे यांच्या आयुष्याला वळण दिले ते या साध्या यंत्राने.

२९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेल्या भिसे यांना यंत्रविद्येचे औपचारिक शिक्षण फारसे लाभले नव्हते. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनविले. उपनगरी गाडीतील उतारूंना येणारे स्टेशन कळावे म्हणून दर्शक यंत्रही त्यांनी रचले.

किराणा मोजण्याचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. साखर ओघाने खाली येते. पीठ मात्र दबून बसते, तोंडाशी कमान धरते आणि मग एकदम कोसळते. शिवाय झडप मिटली तरी हवेत असलेली भुकटी खाली पडतच राहते, तिचाही हिशेब धरावा लागतो. पनवेल तालुक्यातील आपट्याच्या परिसरात, रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात १९६० नंतर रासायनिक कारखाने उभे राहिले. भुकटी हाताळणाऱ्या अशा कोणत्याही उद्योगात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. तेथे हवेच्या जोरावर भुकटी नळातून वाहून नेतात. ती बारीक आणि कठीण असेल तर नळाची वळणे आतून घासून भोके पडतात. वेग वाढला की झीज त्याहून कितीतरी पटीने वाढते. वेग फार उतरवला तर भुकटी तळाशी बसून नळ तुंबतो. म्हणून हवा कमी व माल दाट ठेवून तो सावकाश ढकलणे, ही या विद्येतील खरी कसोटी. आणि गोणीच्या तोंडाशी आल्यावर पुन्हा वजनाचा प्रश्न असतोच. भिसे यांनी कल्पनेने गाठला तो हा शेवटचा टप्पा, तोही कारखान्याचा अनुभव पाठीशी नसताना.

स्पर्धेतील यशाने मुंबईत त्यांचे नाव झाले आणि लंडनला जाण्यासाठी मदतही मिळाली. दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र घेऊन ते दादाभाई नौरोजींना भेटले. भारताच्या दारिद्र्याची मीमांसा करणाऱ्या दादाभाईंनी एका संशोधकामागे पैसा उभा करावा, यात नवल नव्हते. भिसे यांनी आता छपाईच्या खिळ्यांकडे मोर्चा वळविला होता. मिनिटाला १२०० खिळे ओतणारे त्यांचे यंत्र लंडनच्या जाणकारांना प्रथम खरेच वाटेना.

पण यंत्र चालणे वेगळे आणि धंदा चालणे वेगळे. १९०७ मध्ये दादाभाई मायदेशी परतले आणि भांडवल आटले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीतून सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले व १९१० मध्ये टाटा-भिसे यांच्या नावाने संस्था निघाली. तीही पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडाली. दोनदा उभा राहिलेला डाव दोनदा मोडला, तोही यंत्रातील दोषापेक्षा पैशाच्या व काळाच्या फेऱ्याने.

१९१६ मध्ये भिसे अमेरिकेत गेले. तेथे खिळे ओतण्याच्या यंत्राची सुधारित आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. आर्थिक स्थैर्य मात्र त्यांना मुख्यतः दिले ते आयोडिनयुक्त औषधाने, ‘अ‍ॅटोमिडीन’ने; आयुष्य यंत्रांत घालविलेल्या माणसाच्या बाबतीत हे जरा विचित्रच. १९३० मध्ये थॉमस एडिसन यांची प्रत्यक्ष भेट घडली. सुमारे २०० शोध व ४० पेटंट त्यांच्या नावावर सांगितली जातात.

भारतात त्यांचे कारखाने उभे राहिलेच नाहीत. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.