बंदर पारखणारा सोलापूरकर

आमच्या खुटबावच्या स्टेशनावरून समुद्र दिसत नाही. दिसतो तो ऊस, आणि पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग. याच मार्गाच्या त्या टोकाला, सोलापुरात, 23 नोव्हेंबर 1882 रोजी वालचंद हिराचंद जन्मले. समुद्रापासून इतक्या दूरच्या माणसाने पुढे भारतीय जहाजांसाठी जन्म वेचावा, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले, आणि माती, दगड, मजूर व मुदत यांचा हिशेब ते तिथे शिकले. पुढे भोर घाटातले बोगदेही त्यांच्या कंपनीने खणले.

1919 साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेऊन त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी मंडळींसह सिंदिया कंपनी काढली. 5 एप्रिलला ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण तेव्हा कौतुकापेक्षा कोंडीच वाट्याला आली. इंग्रजी कंपन्यांनी भाडी पाडली आणि 1923 च्या करारात सिंदियाला दहा वर्षे किनारी मालवाहतुकीपुरते बांधून घातले. जहाजे दुसऱ्याकडून घ्यायची आणि मार्गही दुसऱ्याने आखून द्यायचे, असा तो व्यवहार होता. यावर उतारा एकच : जहाज आपल्याच किनाऱ्यावर बांधायचे.

पण कुठे? बँकेत प्रकल्पांचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. अर्जात बांधकामाचा खर्च ठळक असतो, पण दरवर्षी गाळ उपसण्याचा खर्च कुठे तरी कोपऱ्यात पडलेला असतो. खोल बंदर एकदा खणून संपत नाही. वाळू परत येते, आणि तिच्याशी कायमचा करार करावा लागतो.

वालचंदांचा पहिला डोळा कलकत्त्यावर होता. तिथे जागेच्या अटी जमल्या नाहीत. मग नजर विशाखापट्टणमकडे वळली. ते बंदर 1933 साली सुरू झाले होते आणि त्यात प्रथम शिरलेले जहाज सिंदियाचेच, ‘जलदुर्गा’. दलदल उपसून केलेले आतले शांत पाणी, डॉल्फिन्स नोज या डोंगराचा आडोसा, आणि मुखाशी वाळू येऊ नये म्हणून दगड भरून बुडवलेली दोन जुनी जहाजे. शिवाय बंगाल-नागपूर रेल्वे थेट धक्क्याला भिडलेली, म्हणजे टाटांच्या जमशेदपूरचे पोलाद येण्याची सोय. पाणी, आडोसा आणि पाठीमागचा मुलूख, तिन्ही गोष्टी जुळल्या.

21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्ष पुरे होण्याआधीच, 6 एप्रिल 1942 ला, जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम विस्कटले. कोणत्याही अर्जात न बसणारी ही जोखीम. तरीही वालचंदांनी जागा सोडली नाही. 14 मार्च 1948 ला पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे आठ हजार टनांचे जहाज पाण्यात उतरले.

पुढचे पान मात्र जड जाते. 1949 मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कारभारातून बाजूला झाले. कारखाना खर्च पेलू शकत नव्हता. 1952 मध्ये सरकारने त्याचा दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांच्या सेवेत होत्या.

मग त्यांचा हिशेब चुकला का? माझ्यातला बँकवाला म्हणेल, मालकाच्या हाती फळ लागले नाही, तेव्हा कर्ज बुडीतच धरा. पण विशाखापट्टणमला आजही जहाजे बांधली जातात. जागा बरोबर पारखली होती. आज डहाणूजवळ वाढवणला पाण्याच्या नैसर्गिक खोलीवर मोठे बंदर उभारायचे चालले आहे, आणि तिथले मच्छीमार आपल्या पोटाचा प्रश्न विचारत आहेत. खोली, गाळ आणि रेल्वे यांच्या हिशेबात त्या माणसांचा रकाना कुणी घालायचा, हे ठरवताना नफ्याच्या मुदतीपलीकडे पाहणारी नजर हवी. ती नजर सोलापूरच्या या माणसाकडे होती, आणि तिची किंमत त्याने स्वतः मोजली.