ओट्यावरचे इंजिन आणि बर्ट मन्रो

जळगाव काय किंवा धुळे काय, जुन्या वस्तीतून रविवारी सकाळी फेरफटका मारला तर ओट्यावर गोणपाट पसरून राजदूत वा येझदी खोलून बसलेला एखादा गृहस्थ अजूनही दृष्टीस पडतो. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तेव्हापासून त्या जुन्या गाड्यांचा एखादा भाग मिळेनासा झाला, की लेथवाल्याची मनधरणी करून तो घडवून घ्यावा लागतो. या खटाटोपाला शेजारीपाजारी रिकामटेकडेपणा म्हणतात. फारच कौतुक करायचे झाले तर जुगाड म्हणतात. ही दोन्ही नावे किती अपुरी आहेत, हे समजून घेण्यासाठी न्यूझीलंडच्या एका माणसाचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकार्गिल हे त्यांचे गाव, आणि घर शेतकऱ्याचे. १९२० साली त्यांनी ‘इंडियन स्काउट’ नावाची मोटारसायकल घेतली. या इंडियनचा भारताशी काही संबंध नाही. ते नाव अमेरिकेतील मूळ रहिवाशांवरून पडलेले. सहाशे सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन आणि ताशी सुमारे ८९ किलोमीटरचा वेग, एवढेच तिचे मूळ भांडवल. त्या काळी ते कमी नव्हते. परंतु मन्रो यांचे त्याने समाधान झाले नाही आणि १९२६ पासून त्यांनी ते इंजिन खोलावयास प्रारंभ केला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ते खोलणे आणि जोडणे चालूच राहिले.

दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी आणि रात्री आपले इंजिन, असा त्यांचा क्रम होता. कित्येकदा रात्रभर काम करून, डोळ्याला डोळा न लागता, ते सकाळी थेट कामावर जात. पैसा बेताचा असल्यामुळे भाग बाहेरून करवून घेणे परवडत नसे. जुन्या डब्यांचे साचे करून ते धातू ओतीत. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील त्यांनी स्वतः घडविली. चाकाचा एक जुना स्पोक हा त्यांचा मायक्रोमीटर होता. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेला होते. अशा रचनेत पेट्रोल व हवेचे मिश्रण वळसा घेऊन आत येते आणि इंजिन एका मर्यादेपलीकडे जोर धरीत नाही. मन्रो यांनी ते व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. इंजिनाची क्षमताही वाढत वाढत अखेर ९५० सीसीवर गेली.

हे सारे सरळ झाले असे मात्र नाही. फेऱ्यांचा वेग वाढविला की पिस्टनवरचा आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. दुप्पट फेऱ्यांना चौपट ताण, असा तो हिशेब आहे. मूळ भाग त्या भाराला पुरे पडेनात. पिस्टन फुटत, रॉड तुटत, आणि तुटलेला रॉड जाताना बाकीच्या इंजिनाचाही चुराडा करीत असे. हे मोडके भाग मन्रो यांनी भंगारात घातले नाहीत. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून ते त्यांनी फळीवर मांडून ठेवले. नाव विनोदाचे असले तरी धातूने कोठे हार खाल्ली याची ती उघडी वहीच होती. आपल्याकडे ज्याला जुगाड म्हणतात त्यात गाडी एकदा चालू झाली की काम संपते. मन्रो यांचे काम गाडी उत्तम चालत असतानाच सुरू होई. आपल्या तंत्रविद्यालयांत विद्यार्थ्याने मोडलेला भाग बहुधा दंडाच्या वहीत जातो, फळीवर नाही, हेही या निमित्ताने नोंदविण्यासारखे आहे.

या ध्यासाची किंमतही मोठी होती, आणि ती त्यांनी एकट्यानेच मोजली असे म्हणता येत नाही. १९२७ साली त्यांचा विवाह झाला, चार मुले झाली आणि १९४७ मध्ये घटस्फोट झाला. नोकरी सोडून ते गॅरेजमध्येच राहू लागले. २००५ साली निघालेल्या चित्रपटाने त्यांना जगभर लोकप्रिय केले. त्यात हा माणूस फार गोड दिसतो. रात्री इंजिनाला दिल्या, त्या घराला मिळाल्या नाहीत, ही बाजू तेथे फारशी येत नाही.

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे सपाट मैदान आहे. विक्रमासाठी तेथे परस्परविरुद्ध दिशांनी दोन फेऱ्या घेऊन सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणाला मिळत नाही. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंच आहे. तेथे हवा विरळ, त्यामुळे इन्व्हरकार्गिलच्या समुद्रकिनाऱ्यालगत जुळविलेले पेट्रोल व हवेचे प्रमाण तेथे चुकते. १९६२ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी मन्रो यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ साली ते ६८ वर्षांचे आणि गाडी ४७ वर्षांची असताना हजार सीसीखालील गटात ताशी २९५.४५ किलोमीटरची नोंद झाली. पात्रता फेरीत तर एका दिशेने वेग ३०५ च्या पुढे गेला होता. पण एका दिशेचा वेग विक्रमात धरत नाहीत.

प्रकृती ढासळल्यावर १९७७ च्या सुमारास त्यांनी गाड्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या, त्या आपल्या मुलखाबाहेर जाऊ नयेत म्हणून. ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. १९६७ च्या नोंदीत सरासरी काढताना गणिताची चूक झाली होती, हे पुढे त्यांच्या मुलाच्या लक्षात आले. अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने २०१४ मध्ये ती दुरुस्त केली, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी विक्रमाचा आकडा ताशी २९६.२६ किलोमीटर असा झाला.