भूतकाळ दुरुस्त करायला निघालेला माणूस

टाइम ट्रॅव्हल म्हटलं की आपल्याला एच. जी. वेल्स आठवतो. पण त्याचं ‘टाइम मशीन’ आलं १८९५ मध्ये. त्याच्या सहा वर्षं आधी एका अमेरिकन लेखकाने आपल्या हिरोला मागे पाठवून इतिहास बदलायला लावला होता. तो लेखक म्हणजे मार्क ट्वेन. हो, ‘टॉम सॉयर’वालाच!

खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५ चा, मिसुरीतला. अकराव्या वर्षी वडील गेले, शाळा सुटली आणि तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला. पुढे मिसिसिपीवर वाफेच्या बोटी चालवायला शिकला. धाकट्या भावाला, हेन्रीला, त्यानेच बोटीवर कामाला लावलं. एका पायलटशी भांडण झाल्याने सॅम त्या बोटीवरून उतरला, हेन्री मात्र राहिला. जून १८५८ मध्ये बॉयलर फुटला आणि हेन्री गेला. सॅम तेव्हा बावीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. आपणच त्याला तिथे नेलं, ही बोच त्याला जन्मभर राहिली.

१८८९ ची ती कादंबरी म्हणजे ‘अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’. शस्त्रांच्या कारखान्यातल्या हँक मॉर्गनच्या डोक्यात पहार बसते आणि तो जागा होतो थेट इ.स. ५२८ च्या इंग्लंडमध्ये. सूर्यग्रहणाच्या माहितीवर जीव वाचवतो, मग शाळा, टेलिफोन, वर्तमानपत्र असं सगळं सुरू करतो. पहिली काही प्रकरणं वाचताना हसून हसून पुरेवाट होते. शेवट मात्र भयंकर आहे. हँक आणि त्याची ५२ पोरं विजेच्या तारा आणि मशीनगनने हजारो सरदार मारतात आणि त्याच प्रेतांच्या वेढ्यात अडकतात. इतिहास काही बदलत नाही. मला विचाराल तर हे पुस्तक विनोदी म्हणून खपवणं ही फसवणूकच आहे.

गंमत बघा, यंत्रं माणसाचं भलं करतात का, असं कादंबरीत विचारणारा हा माणूस तेव्हाच एका यंत्रात पैसा ओतत होता. पेज नावाच्या संशोधकाचं खिळे जुळवणारं मशीन, तब्बल १८,००० सुटे भाग! ते सारखं बिघडायचं. तोवर लायनोटाइपने बाजार मारला. त्यात त्याची प्रकाशन संस्थाही बुडाली आणि १८९४ मध्ये ट्वेनचं दिवाळं निघालं.

कायद्याने सगळं कर्ज फेडायची सक्ती नव्हती, तरी साठीला आलेला हा माणूस भाषणं देत जगभर फिरला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत होता, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. (इथल्या आगाऊ कावळ्यांवर त्याने प्रवासवर्णनात भरभरून लिहिलंय.) दौरा संपवून तो इंग्लंडला पोचला आणि त्याच ऑगस्टमध्ये, तिकडे अमेरिकेत, त्याची लाडकी लेक सुझी मेंदूज्वराने गेली. ती चोवीस वर्षांची होती. तो तिच्याजवळ नव्हता.

१८९८ पर्यंत त्याने पै न पै चुकती केली. हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी तो जन्मला होता. २१ एप्रिल १९१० रोजी तो गेला, तेव्हा तोच धूमकेतू पुन्हा आकाशात होता.