अल्लाउद्दीन खाँ आणि मैहरचा वाद्यवृंद

मैहर हे जबलपूर-सतना लोहमार्गावरील एक लहान गाव. यात्रेकरूंना ते त्रिकूट टेकडीवरील शारदादेवीच्या मंदिरामुळे परिचित आहे, तर हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकांना अल्लाउद्दीन खाँ यांच्या घराण्यामुळे. अली अकबर खाँ, अन्नपूर्णा देवी, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही या घराण्यातील नावे सर्वतोमुखी झाली. या शिष्यपरंपरेच्या तेजात खाँसाहेबांचे दुसरे एक कार्य मात्र काहीसे झाकोळून गेले. साथीच्या रोगात आईबाप गमावलेल्या मुलांना हाताशी धरून त्यांनी मैहर येथे एक वाद्यवृंद उभारला होता. सरोद, सतार, इसराज यांच्या शेजारी व्हायोलिन, चेलो आणि बंदुकीच्या नळ्यांपासून घडविलेले नलतरंग यांना बसविणारा हा वाद्यवृंद म्हणजे एखाद्या दरबारी गवयाची हौस नव्हे. खाँसाहेबांच्या पूर्वायुष्याशी त्याचा नाळेचा संबंध आहे.

अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म पूर्व बंगालमधील शिवपूर या खेड्यात झाला. ब्राह्मणबाडियाच्या परिसरातील हे गाव आज बांगलादेशात आहे. जन्मवर्षाविषयी एकवाक्यता नाही. परंपरेने १८६२ हे वर्ष सांगितले जाते. तथापि त्यांच्या आयुष्यातील पुढील घटनांशी ताळा जुळवता १८८१ च्या आसपासचा काळ अधिक संभवनीय वाटतो. घर शेतकऱ्याचे, पण संगीताचा छंद असलेले होते. वडील सतार वाजवीत. थोरले बंधू आफताबउद्दीन पुढे फकीर झाले आणि बासरीवादक व गीतकार म्हणून पूर्व बंगालमध्ये नावाजले. धाकटे बंधू आयेत अली खाँ यांनी सूरबहारवादन व वाद्यनिर्मिती या दोन्ही क्षेत्रांत लौकिक मिळविला.

संगीताच्या ओढीने अल्लाउद्दीन यांनी बालवयातच घर सोडले. काही काळ ते जात्रेच्या फडाबरोबर हिंडले. कीर्तन, बाऊल, भाटियाली यांसारखे बंगालचे लोकसंगीत त्यांच्या कानांवर पडले ते या भ्रमंतीत. पुढे कलकत्त्यास आल्यावर गोपालकृष्ण भट्टाचार्य, ऊर्फ नुलो गोपाल, यांच्याकडे त्यांना गायनाची तालीम मिळू लागली. बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावयाची, अशी गुरूची अट होती. ती पुरी होण्यापूर्वीच गुरू प्लेगला बळी पडले. त्यानंतर अल्लाउद्दीन यांनी गाणे सोडले आणि ते वाद्यांकडे वळले.

त्या काळचे कलकत्ता हे संगीताच्या अनेक प्रवाहांचे संगमस्थान होते. स्वामी विवेकानंदांचे आप्त अमृतलाल दत्त, ऊर्फ हाबू दत्त, हे रंगभूमीसाठी वाद्यवृंद बसवीत. त्यांच्याकडे अल्लाउद्दीन अनेक वाद्ये शिकले. हजारी उस्ताद यांच्याकडून त्यांनी सनई घेतली. लोबो या गोमंतकीय बँडमास्तरांकडून पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण त्यांना मिळाले. चर्चमधील संगीतशिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक त्या काळी भारतभरच्या लष्करी बँडांतून व नाट्यगृहांतून वावरत होते. पूर्व बंगालचा एक मुसलमान शेतकरीपुत्र आणि गोव्याचा एक ख्रिस्ती बँडमास्तर यांची कलकत्त्यात गाठ पडावी, हे त्या शहराच्या स्वभावाला धरूनच होते. पोटासाठी अल्लाउद्दीन यांनी गिरीशचंद्र घोष यांच्या मिनर्व्हा रंगभूमीवर वादकाची नोकरीही केली. नाटकाच्या साथीत प्रसंग पाहून सूर आवरावा वा खुलवावा लागतो. अनेक वादकांनी एकाच वेळी, ठरल्या जागी उठावे आणि थांबावे लागते. मैहरच्या वाद्यवृंदाची पहिली शाळा ही होय.

या विविध विद्येचा त्यांना काहीसा अभिमानही वाटू लागला होता. मुक्तागाछा येथील जमीनदार जगतकिशोर आचार्य यांच्या दरबारात अहमद अली खाँ यांचे सरोदवादन कानी पडले आणि तो अभिमान गळून गेला. आजवर मिळविले ते फुटकळ होते, याची जाणीव झालेले अल्लाउद्दीन अहमद अलींचे शिष्य झाले. गुरूची घरगुती सेवा करावी, त्यांचा रियाज ऐकावा आणि ऐकलेले एकांतात हाताखालून घालावे, अशा रीतीने त्यांनी बरेच काही आत्मसात केले. शिकवलेल्यापेक्षा अधिक शिष्याने उचलले आहे, हे ध्यानात येताच गुरूची मर्जी फिरली. विद्या ही घराण्याची मालमत्ता मानली जात असल्याने असे उचलणे चोरीहून वेगळे समजले जात नसे.

पुढचा टप्पा रामपूरचा. तेथील बीनकार वजीर खाँ यांची परंपरा तानसेनाच्या कन्यावंशाशी जोडली जाते. नवाब हमीद अली खाँ स्वतः त्यांचे शिष्य होते. अनोळखी बंगाली तरुणाला या उस्तादांच्या दारात उभे राहणेही दुरापास्त होते. अखेर अल्लाउद्दीन यांनी नवाबांच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले आणि त्यांच्या मध्यस्थीने शिष्यत्व मिळविले, अशी कथा प्रसिद्ध आहे. मात्र गंडा बांधला गेला तरी विद्या लगेच हाती आली नाही. दीर्घ काळ वजीर खाँ यांनी या शिष्याकडे लक्षही दिले नाही. त्याच्या घरची दुःखद हकीकत कानावर आली तेव्हा त्यांना आपल्या उपेक्षेचा पश्चात्ताप झाला आणि खरी तालीम सुरू झाली. त्यातही बीन हे वाद्य वंशाबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, हा दंडक कायम राहिला. बीनेचा आलाप, जोड आणि ध्रुपदाचा अंग अल्लाउद्दीन शिकले; तो त्यांनी उतरविला सरोदावर.

१९१८ मध्ये मैहरचे संस्थानिक ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना आपले गुरू व दरबारी वादक म्हणून नेमले. हेच वर्ष इन्फ्लुएन्झाच्या भयंकर साथीचे होते. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि मध्य भारताला तिचा मोठा तडाखा बसला. पोरकी झालेली मुले संस्थानच्या आश्रयास आली. त्यांच्यापैकी काहींना संगीत शिकवून वाद्यवृंद बसवावा, अशी योजना ठरली आणि ते काम खाँसाहेबांकडे आले.

या मुलांमागे ना घराणे होते, ना सांगीतिक संस्कार. अक्षरओळखही नसलेल्या या मुलांपासून प्रारंभ करणे कोणत्याही उस्तादाला मानहानीचे वाटले असते. रामपूरच्या दारात तिष्ठलेल्या माणसाला तसे वाटले नाही. प्रत्येक मुलाच्या हाताचा व कानाचा कल पाहून त्यांनी वाद्य ठरविले. एका वाद्यावर ज्याचे जमत नाही त्याच्या हाती दुसरे वाद्य दिले. स्वतः इतकी वाद्ये हाताळलेली असल्यामुळे त्यांपैकी प्रत्येकाची अडचण त्यांना शिक्षक म्हणून ठाऊक होती.

वाद्ये कमी पडली तेथे त्यांनी नवी घडविली. संस्थानच्या शस्त्रागारातील जुन्या बंदुकांच्या नळ्या कमीअधिक लांबीत कापून त्यांनी नलतरंग तयार केले. नळी जितकी आखूड तितका स्वर उंच, हे त्यामागील तत्त्व. लाकडी चौकटीवर ओळीने मांडलेल्या या नळ्या काठ्यांनी वाजवितात. त्यांचा टणत्कार जलतरंगाच्या जातीचा, पण त्याहून धारदार असतो, आणि सर्व वाद्यांच्या कल्लोळातही तो वेगळा ऐकू येतो. सतारीची लांब दांडी आणि बॅन्जोचे कातडी मढविलेले तोंड यांच्या संयोगाने त्यांनी सतार-बॅन्जो केला. गजाने वाजवावयाचे चंद्रसारंग हेही त्यांच्याच कल्पनेतून निघाले. बंधू आयेत अली यांच्या साहाय्याने त्यांनी सरोदाच्या रचनेतही फेरबदल केले. त्याचे पोट गोलाकार केले आणि तारांची संख्या वाढविली.

वाद्यवृंदासाठी त्यांनी बांधलेल्या रचना आकाराने लहान आहेत. काही रागांतील गती, काही लोकसंगीताच्या धुना, तर काही पाश्चात्त्य बँडच्या वळणाच्या आहेत. पाश्चात्त्य वाद्यवृंदाप्रमाणे येथे स्वरसंवादाची गुंफण फारशी नाही. बहुतांशी सर्व वाद्ये एकच स्वररेषा वाजवतात. ती कधी गजाच्या वाद्यांकडे जाते, कधी आघाताच्या वाद्यांकडे. मग सर्व वाद्ये ती एकत्र उचलतात आणि लय चढत जाते. रागाची शुद्धता न मोडता रंगभूमीची चपळाई आणता येते, हा या रचनांचा विशेष. जो उस्ताद मैफलीत एकच राग तासन्‌तास आळवीत असे, तोच येथे काही मिनिटांत रागाचे रूप उभे करी. शास्त्रीय आणि लोकप्रिय असा भेद त्याने येथे मानला नाही, पण शिस्तीत तसूभरही सूट दिली नाही.

ती शिस्त कठोर होती, किंबहुना निष्ठुर होती, हे नोंदविणे आवश्यक आहे. खाँसाहेबांचा कोप प्रसिद्ध होता. पुत्र अली अकबर यांना रियाजासाठी मारहाण आणि झाडाला बांधून ठेवणे अशा शिक्षा सोसाव्या लागल्या. कन्या जहानआरा यांना सासरी संगीतापायी छळ सोसावा लागल्यामुळे धाकट्या अन्नपूर्णेस शिकवावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. भावाची चूक ती गाऊन दुरुस्त करीत असल्याचे त्यांनी ऐकले आणि तो निश्चय मोडला. विद्या अडविण्याचे दुःख भोगलेल्या पित्याकडून मुलीच्या बाबतीत तेच घडणार होते, ते टळले.

१९३५-३६ मध्ये उदय शंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर खाँसाहेबांनी युरोपचा प्रवास केला. पथकातील तरुण रविशंकर १९३८ मध्ये मैहरला येऊन त्यांचे शिष्य झाले. वाद्यवृंदाचा विचार मात्र शिष्यांच्या द्वारे त्याआधीच मैहरबाहेर पडला होता. तिमिर बरन यांनी तो उदय शंकर यांच्या नृत्यसंगीतात आणि नंतर न्यू थिएटर्सच्या चित्रपटांत नेला. स्वातंत्र्योत्तर काळात रविशंकर यांनी आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची धुरा वाहिली. मराठी व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनाही खाँसाहेबांचे मार्गदर्शन लाभले. अन्नपूर्णा देवींनी उत्तरायुष्य मुंबईत व्यतीत केले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत घरच्या घरी, लोकांसमोर न येता, पित्याची विद्या शिष्यांना दिली.

खाँसाहेबांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. शांतिनिकेतन येथील वास्तव्यात त्यांनी सांगितलेल्या आठवणी ‘आमार कथा’ या बंगाली पुस्तकाच्या रूपाने उपलब्ध आहेत. लेखणी न धरणाऱ्या कलावंताचे हे मौखिक आत्मचरित्र बंगाली गद्याच्या अभ्यासकांनाही उपयुक्त आहे. पाच वेळा नमाज पढणारे खाँसाहेब शारदादेवीचेही भक्त होते आणि या दोहोंत त्यांना कधी विसंगती जाणवली नाही. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे देहावसान झाले.

संस्थान विलीन झाल्यावर वाद्यवृंदाचा आश्रय सरकारकडे आला आणि मैहरच्या शासकीय संगीत महाविद्यालयाशी तो जोडला गेला. खाँसाहेबांनी घडविलेली पहिली मुले आज हयात नाहीत. त्यांनी पुढच्या वादकांना शिकविले आणि रचना हातोहात चालत आल्या. एकल वादनाची परंपरा एका थोर शिष्यावरही तग धरते. वाद्यवृंदाला मात्र एकाच गावात, एकाच वेळी, नलतरंगापासून चेलोपर्यंतची सर्व वाद्ये वाजविणारी माणसे लागतात. यांपैकी एक जागा रिकामी राहिली तरी रचना अपुरी ऐकू येते. म्हणूनच मैहर घराण्याची कीर्ती जगभर पसरली असतानाही त्याचा वाद्यवृंद हे त्या वारशाचे सर्वांत नाजूक अंग आहे. वंशाच्या कुंपणाबाहेर तिष्ठलेल्या एका माणसाने निराधार मुलांना दिलेली विद्या त्या रचनांत साठविलेली आहे, आणि अल्लाउद्दीन खाँ यांच्या चरित्राचा विचार तिला वगळून पुरा होत नाही.