समीकरणातला शेवटचा शब्द

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी दरवर्षी दोन समीकरणे फळ्यावर लिहितो. पहिले प्रकाशसंश्लेषणाचे: कार्बन डायॉक्साइड, पाणी व सूर्यप्रकाश यांपासून साखर आणि प्राणवायू. दुसरे श्वसनाचे: साखर व प्राणवायू यांपासून कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि ऊर्जा. विद्यार्थी ती उतरवून घेतात, दोन्ही बाजूंचे अणू जुळतात की नाही ते पाहतात आणि वह्या मिटतात. 'ऊर्जा' हा शेवटचा शब्द त्यांना शेपटासारखा वाटतो. खरे सांगायचे तर विद्यार्थिदशेत मलाही तो तसाच वाटे. त्या एका शब्दासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य पणाला लावले होते, हे मला फार उशिरा कळले. त्या माणसाचे नाव ज्युलियस रॉबर्ट मायर.

मायरचा जन्म २५ नोव्हेंबर १८१४ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. वडील औषधविक्रेते. लहानपणी या मुलाने पाणचक्कीच्या साहाय्याने एकदा सुरू केले की कधीच थांबणार नाही असे यंत्र करण्याचा खटाटोप केला. तो अर्थातच फसला. पण फुकट काही मिळत नाही, ही खूणगाठ त्याच्या मनात कायमची बसली. पुढे ट्यूबिंगेन येथे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. बंदी असलेल्या एका विद्यार्थी मंडळात सामील झाल्याबद्दल १८३७ मध्ये त्याला अटक झाली आणि काही काळ विद्यापीठही सोडावे लागले. तरीही १८३८ मध्ये तो डॉक्टर झाला.

फेब्रुवारी १८४० मध्ये एका डच जहाजावर वैद्य म्हणून नोकरी धरून तो जावा बेटाकडे निघाला. तेथे पोहोचल्यावर खलाशी आजारी पडले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याने त्यांच्या दंडाची शीर उघडून रक्त काढले. निघालेले रक्त इतके लालभडक होते की, चुकून रोहिणीच कापली गेली की काय, असे त्याला वाटले. तेथल्या डॉक्टरांना मात्र त्यात नवल वाटत नव्हते. उष्ण प्रदेशात असेच असते, असा त्यांचा अनुभव होता.

मायरला हे साधे निरीक्षण स्वस्थ बसू देईना. याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १७७१ मध्ये प्रीस्टली याने दाखविले होते की, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा सुधारते. १७७९ मध्ये इंगेनहाउस याने सिद्ध केले की, हे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही केवळ उजेडात. लाव्हाझिएने श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असे प्रतिपादन केले होते. म्हणजे द्रव्याच्या जमाखर्चाची वही जवळजवळ पूर्ण झाली होती. बळाच्या जमाखर्चाची वही मात्र कोरीच होती. प्राण्याच्या अंगातली ऊब व हालचाल कोठून येते, या प्रश्नाला जीवनशक्ती नावाचे एक गूढ उत्तर देऊन अनेक जण मोकळे होत.

मायरने असा विचार केला: उष्ण हवेत शरीराला ऊब कमी निर्माण करावी लागते, म्हणून अन्नाचे ज्वलन कमी होते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो आणि रक्त लाल राहते. पण माणूस नुसता गरम राहत नाही, तो कामही करतो. ऊब आणि काम ही दोन्ही त्याच अन्नातून येत असतील, तर उष्णता आणि काम ही एकाच वस्तूची दोन रूपे असली पाहिजेत. ती वस्तू रूप बदलते, पण नष्ट होत नाही आणि शून्यातून निर्माणही होत नाही.

गंमत अशी की, मायरचे निरीक्षण खरे होते, त्याने दिलेले कारण मात्र अपुरे होते. उष्ण हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे भरपूर रक्त धावते. ते उतींना लागणाऱ्या प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक असते, म्हणून दंडाच्या शिरेतले रक्तही लाल दिसते, असे आज आपण सांगतो. पण त्या अपुऱ्या पायरीवरून तो ज्या सत्यापर्यंत चढला, ते आजही अढळ आहे.

१८४१ मध्ये परत आल्यावर त्याने आपला पहिला निबंध एका नामवंत नियतकालिकाकडे पाठविला. तो छापला गेला नाही आणि साधी पोचही आली नाही. त्यात भौतिकीच्या चुका होत्या, हे खरे. मायर नव्याने अभ्यासाला बसला. १८४२ मध्ये लीबिगच्या नियतकालिकात त्याचा सुधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. एखादे वजन सुमारे ३६५ मीटर उंचीवरून पडले, तर त्या कामातून तितक्याच वजनाचे पाणी १ अंश सेल्सिअसने तापेल, असे गणित त्याने त्यात मांडले. आजचा आकडा सुमारे ४२७ मीटर आहे. हाताशी असलेली वायूंची मोजमापे सदोष होती. विचाराची दिशा मात्र अचूक होती.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने मायरला नमस्कार करावा तो १८४५ च्या पुस्तिकेसाठी. ती त्याने हाइलब्रॉन येथे पदरमोड करून छापली. तिच्यात त्याने सांगितले की, वनस्पती सूर्याचा चंचल प्रकाश पकडून रासायनिक रूपात साठवितात. प्राणी ते अन्न खाऊन, प्राणवायूच्या साहाय्याने तेच बळ ऊब व हालचाल यांच्या रूपाने मोकळे करतात. जीव ऊर्जा निर्माण करीत नाही, केवळ तिचे रूप पालटतो. माझ्या फळ्यावरची दोन समीकरणे येथे प्रथमच ऊर्जेच्या धाग्याने एकत्र बांधली गेली.

पुस्तिकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे हा शोध आधी कोणाचा, यावरून इंग्लंडच्या जूलशी वाद उद्भवला. जूलचे प्रयोग निःसंशय मोलाचे होते. पण गावातला एक डॉक्टर भौतिकीत ढवळाढवळ करतो, अशी मायरची हेटाळणी झाली. १८४८ मध्ये त्याची दोन मुले दगावली. मे १८५० मध्ये, मन पार खचलेल्या अवस्थेत, त्याने घराच्या खिडकीतून उडी घेतली. जीव वाचला, पाय मात्र कायमचे अधू झाले. पुढे त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले. तेथे त्याला बांधूनही ठेवीत. १८५३ मध्ये तो बाहेर आला, तोवर विद्वानांना त्याचा जणू विसरच पडला होता. १८५८ मध्ये खुद्द लीबिगने एका व्याख्यानात त्याचा उल्लेख दिवंगत म्हणून केला!

अखेर १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल याने मायरचे श्रेय जाहीरपणे मांडले. टिंडल हा जूलच्याच देशात राहणारा, हे विशेष. १८७१ मध्ये रॉयल सोसायटीने मायरला कोप्ली पदक दिले. २० मार्च १८७८ रोजी क्षयाने त्याचे निधन झाले.

पुढच्या शास्त्रज्ञांनी तपशील भरले. हरितद्रव्य प्रकाश शोषते, पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू सुटतो आणि साखर तयार होते. पेशीतल्या तंतुकणिका त्या साखरेची ऊर्जा टप्प्याटप्प्याने काढून एटीपी या रेणूत भरतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. हे श्वसन वनस्पतीही करतात, रात्रंदिवस करतात. १८० ग्रॅम ग्लुकोज भट्टीत जाळा किंवा पेशीत, एकूण ऊर्जा तीच: सुमारे ६८६ किलोकॅलरी. मायरचा हिशेब कोठेही चुकत नाही.

आपल्या सीमाभागात उसाच्या हंगामात गुऱ्हाळावर गेले की मला हा हिशेब डोळ्यांसमोर दिसतो. चुलाणात चिपाडे धडधडून जळत असतात आणि काहिलीत रस उकळत असतो. शेजारी घाम पुसत काम करणारा माणूस गुळाचा खडा तोंडात टाकून पुन्हा मोळी उचलतो. चुलाणातला जाळ आणि त्या माणसाच्या दंडातले बळ, दोन्ही एकाच शिवारावर पडलेल्या उन्हाची रूपे. एक भडकून मोकळे होते, दुसरे सावकाश.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी ते समीकरण उतरवून घेताना शेवटच्या शब्दावर क्षणभर थांबा. तो लिहिता यावा म्हणून कोणीतरी फार मोठी किंमत मोजली आहे.