इटालियनमध्ये नापास

नातवाला मराठीत कमी गुण पडले आणि घरात सुतकी कळा आली. मी त्याला प्रिमो लेवीची गोष्ट सांगितली. जन्म १९१९चा, तुरीन शहरातला. १९३७ साली शालान्त परीक्षेत तो नेमका मातृभाषेत, इटालियनमध्ये नापास झाला. सुट्टीनंतर पुन्हा बसून सुटला. पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला. ज्यू म्हणून १९४४ मध्ये त्याला आउश्वित्झच्या छळछावणीत डांबले. तिथे सुपाचे पिंप आणायला जाताना फ्रेंच सोबत्याला इटालियन शिकवावे, म्हणून तो शाळेत शिकलेला दांते आठवू लागला. काही ओळी आठवेनात. त्यांच्यासाठी वाट्याचे सूप द्यायलाही हा उपाशी माणूस तयार होता. १९४७ मध्ये त्याने ते सारे पुस्तकात लिहिले. १९८७ साली तो गेला, तेव्हा इटालियन साहित्यात त्याचे नाव अढळ झाले होते.

नातवाला हल्ली मी गुण विचारत नाही. कुठली कविता पाठ आहे, ते विचारतो.